जाळीत अडकलेला भंडारा

आष्ट्याच्या अलीकडे ज्यांचा ऊस आहे, त्या जिनगोंडा अण्णांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. मला विचाराल तर त्या संध्याकाळी खंडोबाच सायकलवरून आला होता, आणि त्यानं अण्णांचा पटका बांधला होता.

मी मूळचा वऱ्हाडातला. चौथीतच शाळा सुटली, मोटार चालवायला शिकलो आणि पोटामागं फिरत सांगलीला लागलो. इथं एका बागायतदारांची मोटार चालवतो. घरापासून लांब राहणाऱ्याला सारखी धास्ती असते, की काही बिघडलं तर आपल्या बाजूनं बोलायला इथं कोण आहे? मालकांचा धाकटा मुलगा फौजेत. लढाईवरून तो धड परत यावा म्हणून त्याच्या आईनं, आक्कांनी, पालीच्या खंडोबाचा नवस बोलला होता. तो परत आला, पण नवस फेडायला रजेचा शेवटचा दिवस उरला. रात्री मिरजेहून त्याची रेल्वे होती, आणि ती चुकली तर पलटणीत वेळेवर हजर होणं शक्यच नव्हतं.

दर्शन झाल्यावर आक्कांनी मोटारीचीही पूजा केली. मला बॉनेट उघडायला आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं. मग येळकोट येळकोट म्हणत मुठी भरभरून भंडारा उधळला. सगळं इंजिन पिवळंधमक झालं.

इस्लामपूर मागं पडलं आणि मोटार थरथरायला लागली. उभी केली तर धडधडत बंद पडायला बघे, पळवावी तर ओढच नाही. मागनं काळा धूर. मी प्लग काढले, काजळले होते. पुसून लावले, थोडं चालून पुन्हा तेच. पॉइंट घासले, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. इंजिन जिच्यातून हवा ओढतं ती जाळी आदल्याच दिवशी धुतली होती, म्हणून तिकडं बघितलंच नाही. धाकटे मालक सारखे घड्याळ बघत होते. आक्का पुटपुटत होत्या, नवसात काय कमी पडलं गं बाई. देवाच्या दारातून निघून असं का व्हावं, हे मलाही कळेना. शेवटी काळे हात तसेच जोडले आणि मनात म्हणालो, मल्हारी, माझं जेवढं डोकं होतं तेवढं लावलं, आता तुझं तू बघ.

तेवढ्यात अण्णा सायकलवरून घाईनं पुढं गेले आणि आवाज ऐकून माघारी वळले. आक्कांनी पोराच्या रेल्वेचं सांगितलं. अण्णा इंजिनाला कान लावून म्हणाले, "हिला पोटाला मिळतंय रं, नाकाला मिळंना. धूर बघ की कसला काळा. आमच्या पाण्याच्या इंजनाचं असंच हुतं."

जाळीचं झाकण काढलं. आत जाळीच्या तेलात कालवलेला भंडारा पिठल्यासारखा बसला होता.

धाकटे मालक म्हणाले, "म्हंजी देवानंच गळा धरला म्हणा की."

अण्णा म्हणाले, "देव कशाला धरतोय? आईनं पोराच्या मायेनं चार मुठी जास्त टाकल्या असतील."

आक्का पदर तोंडाला लावून हसल्या, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. अण्णांनी लगदा उसाच्या पाल्यावर निपटला. फेकला नाही. "देवाचं हाय, पायदळी नगं," म्हणत आक्कांच्या हातात दिला. आम्ही जाळी पेट्रोलनं धुतली, प्लग पुन्हा पुसले आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं.

आक्कांनी डबा उघडून पुरणपोळी पुढं केली. अण्णांनी हात जोडले. "आक्का, दिवस बुडाला की. आता सकाळीच."

मग माझ्या ध्यानात आलं. अण्णा जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. सायकल एवढी दामटत होते ती घरी ताटावर बसायला, आणि मावळतीकडं पाठ करून आमच्या इंजिनात वाकले होते. मी ओशाळून काही बोलायला गेलो, तर म्हणाले, "जा गड्या, पोराची गाडी चुकंल."

रेल्वे मिळाली. चमत्कार झाला असं मी कुणाला पटवत बसत नाही. हात टेकले की देव येतो, एवढं मला पक्कं कळलंय. कुणाच्या रूपानं आणि कुणाच्या देवळातून, ते आपण ठरवायचं नसतं. आता एकच राहिलंय. कधीतरी सुट्टी काढून अण्णांच्या रानात जाईन, बांधावर चूल मांडून माझ्या हातच्या गरम भाकरी त्यांना पोटभर वाढीन. ऊन चांगलं डोक्यावर असताना.