मुलाखतीत सांगितलेला भाऊ
फोडलेल्या कांद्याचा वास आला की शिरपूरची ती दुपार आठवते. मोठ्या भावाला फिट आली की आई त्याच्या नाकाशी कांदा धरायची. त्या दुपारी मेंदूविज्ञानाच्या पीएचडीसाठी माझी ऑनलाइन मुलाखत होती. "हाच विषय का?" समोरच्या बाईंनी विचारलं. मी भावाचं सगळं सांगितलं. आवळलेले दात, ओली झालेली पँट, मोडलेलं लग्न. बाईंचे डोळे भरून आले. लॅपटॉप मिटून वळले, तर भाऊ दारातच उभा. आठवड्याभरात निवड झाल्याचा मेल आला. हातातला पेढा न खाता त्याने विचारलं, "मन्हं दुखनं सांगं, म्हनीसन घेतं का तुले?" त्याचं दुखणं सांगितलं म्हणून घेतलं नाही, असं मी म्हणाले. त्यानंतर फिट येणारसं वाटलं की तो खोलीला आतून कडी लावायचा. एका सकाळी ती तोडावी लागली, तोवर तो गेला होता. आता लोक मला डॉक्टर म्हणतात, आणि मी ओ देते.