थाळी वाजल्यानंतरचे आकडे

दादा गेल्याची बातमी घेऊन त्याच्या कंपनीतला माणूस दारात आला, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले, "जरा मोठ्यानं बोला हो, मला कमी ऐकू येतं." बिचाऱ्यानं तेच पुन्हा ओरडून सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, टेबलाशी बसल्या बसल्याच... असली बातमी ओरडून सांगायची पाळी कुणावर येऊ नये.

त्याला आता दीड महिना झाला. चिंचवडच्या या दोन खोल्यांत आम्ही दोघं बहीणभाऊच. लहानपणी तापात माझे कान गेले आणि पुढं दादानं स्वतःच्या लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही. कंपनीत मीटर दुरुस्त करायचा, पण सगळं डोकं माझ्या श्रवणयंत्रात. खिशात मावणारी डबी, तिथून कानापर्यंत वायर. विकतच्या यंत्रात हळू बोलणं ऐकू येईना आणि भांडं पडलं की कानशिलात बसावी तसं व्हायचं. दादानं असं सर्किट केलं की मोठा आवाज आला की यंत्र आपोआप दबायचं आणि शांत झालं की पुन्हा चढायचं. अडचण एकच, चढायला वेळ लागायचा. आणखी एक ट्रान्झिस्टर घाल की, मी म्हणायचे. तर म्हणे, सेल चार दिवसांत संपेल, मग बस बोंबलत! असा हट्टी.

दर रविवारी चहा झाला की आमची परीक्षा. दादा पितळेची थाळी पळीनं वाजवायचा, लगेच हातानं दाबायचा आणि पाठमोरा होऊन हळू आवाजात आकडे म्हणायचा. मला कितीपासून ऐकू आलं ते सांगायचं. सुरुवातीला सात होतं. कपॅसिटर बदलून बदलून तीनवर आलं आणि तिथंच अडलं. एकदा त्याला बरं वाटावं म्हणून मी खोटंच "दोनपासून" म्हटलं. त्यानं ओळखलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्या शेवटच्या सकाळी दादा फाटकापाशी पोचला आणि पलीकडच्या कारखान्याचा भोंगा झाला. भोंगा थांबता थांबता तो वळून काहीतरी बोलला. छोटंसंच. माझं यंत्र चढेपर्यंत त्याचे ओठ मिटले होते. संध्याकाळी विचारू, म्हणून मी नुसती मान हलवली... का हलवली, याचा राग अजून जात नाही. शेजारच्या वहिनी, मूळच्या कुरुळी गावाकडच्या, समजूत घालतात, "दार लाव म्हनला आसंल, दुसरं काय?" असेलही. पण माझ्या भावाचं शेवटचं बोलणं होतं ते, आणि ते मला ऐकू आलं नाही.

कंपनीतल्या त्याच्या टेबलावर माझ्यासाठी जुळवलेली यंत्राची नवी डबी तेराव्यानंतर घरी आली. परवाच्या रविवारी एक कप चहा केला, डबी लावली, थाळी वाजवून हातानं दाबली. मनात एक म्हणते न म्हणते तोच कानात बारीक सरसर सुरू झाली. खोलीत कुणी बोलत नसलं की यंत्र चढून चढून स्वतःची तेवढी सरसरच ऐकवतं. म्हणजे जमलं होतं त्याला. फाटकातून तेच सांगत होता का, कोण जाणे.

मी थाळी खिळ्याला अडकवली आणि त्याच्या खुर्चीकडं बघून सांगितलं, "एकपासून, दादा." माझाच आवाज मला अगदी स्वच्छ ऐकू आला.