मुक्या बशीचं बारसं

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. माणसांवरही बेताचाच. आमटीत मीठ कमी लागलं तर मी 'मीठ काढलं कोणी?' असं विचारतो, असं बायको म्हणते. तेव्हा मला भोळा समजून वाचू नका.

मी धसईचा. शहापूरजवळ हायवेच्या आतल्या अंगाला एका खाजगी प्रयोगशाळेत कामाला आहे. आमच्याकडे झेब्राफिश असतात - बोटभर लांबीचे, निळ्या पट्ट्यांचे मासे. त्यातल्या एका वाणात हिरवा चमकणारा जीन घातलेला आहे. पिल्लं मायक्रोस्कोपखाली निळ्या उजेडात धरली की हिरवी दिसतात. पण काही पिढ्यांनी हा जीन जागच्या जागी असूनही त्याच्यावर रासायनिक खुणा बसतात आणि तो गप्प होतो... मग पिल्लं काळी. तो गप्प का होतो, हे शोधणं आमचं काम.

टाक्या धुवायला, पिल्लं ठेवलेल्या बश्यांतलं पाणी बदलायला शेणव्याच्या लीलामावशी येतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून गप्प वाणाच्या पिल्लांच्या बशीवर मी मराठीत चिकटपट्टी लावली - 'मुकी'. त्याच जोडीची अर्धी पिल्लं, माझ्या स्वभावाप्रमाणे, दुसऱ्या बशीत घालून कुलपात ठेवली.

एका सकाळी 'मुकी' बशी मायक्रोस्कोपखाली धरली आणि चाटच पडलो. सगळीच्या सगळी पिल्लं हिरवीगार! कुलपातली बशी काढली, तर ती काळीच.

माझ्या डोक्यात एकच आलं - अदलाबदल. चमकणाऱ्या वाणाच्या बश्या शेजारच्याच फळीवर होत्या. आमच्या साहेबांनाही तेच वाटलं. "मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणावं," म्हणाले. मावशींच्या मुलीचं नर्सिंग या नोकरीवर चाललंय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी मावशींना गाठलं. "ही बशी कोणी बदलली?"

"बदलली नाय ओ सर. बारसा केला फक्त."

"काय केलंत?"

"तुमीच लिवलंत ना वर, मुकी म्हणून? माझ्या भावाच्या पोरीचा बारसा राहिलेला, ती लय उशिरा बोलली. मी म्हटला, यांचा पण तसाच झाला असंल. बशीपाशी तोंड नेला नि हळूच नाव सांगितला. सगल्यांना एकच... पोरा लय हायेत."

"आणि कुर्र?"

"केला ना! पाठीत थापट्या मारायला कोण नव्हता, मीच माझ्या मारल्या."

मी पोट धरून हसलो. मग वाटलं, ही बाई मला बनवतेय. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात मावशी बशीवर वाकल्या होत्या, मग हात मागे नेऊन स्वतःच्याच पाठीत थापट्या मारत होत्या. बशी जागची हललेली नव्हती. "आतली पिल्लं कुठे दिसतात त्यात?" साहेब म्हणाले. बरोबरच होतं, मीही तेच म्हणालो असतो.

राहिली फक्त डीएनए टेस्ट. पिल्लं एवढीशी, की पुरेसा डीएनए मिळायला सगळीच मारावी लागणार होती. मावशींची नोकरी वाचवायची तर दुसरा मार्ग नव्हता. केली टेस्ट.

पिल्लं त्याच गप्प वाणाची निघाली. अदलाबदल नव्हती. आणि जीनवरच्या खुणा जशाच्या तशा! म्हणजे नियमाप्रमाणे ती काळीच असायला हवी होती. साहेब म्हणाले मायक्रोस्कोप बिघडलाय - मग कुलपातली बशी त्याच मायक्रोस्कोपखाली काळी कशी? हे विचारल्यावर मावशींचा विषय त्यांनी सोडून दिला. त्यानंतर त्या वाणाच्या कितीतरी बश्या मी तपासल्या. सगळ्या काळ्या. त्या सकाळी काय झालं, मला खरंच सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचत असेल तर जरूर सांगा.

नोकरी राहिली हे सांगायला मी मोठ्या खुशीत मावशींकडे गेलो होतो. त्या टाकी पुसत होत्या. ऐकून घेतलं, आणि विचारलं, "मग पोरा कुठं हायेत?"

"टेस्टला लागली, मावशी."

"सगली?"

मी मान हलवली. त्यांनी फडकं पिळून टाकीच्या कडेवर वाळत घातलं.

"नाव ठेवलेली होती ओ ती."