गोऱ्या बाळाचा दगड

कानडी मुलखातल्या मळमड्डीत आमच्या घरामागं साहेब लोकांची जुनी दफनभूमी होती. तिच्यात एका इंग्रज तान्ह्या मुलीचा हातभर उंचीचा दगड होता. गल्लीतल्या बायका तिला 'बिळी कूसू' म्हणत, म्हणजे गोरं बाळ. ते भुकेलंय, विसरलं तर आपल्या लेकरांना धरतं, असा समज. म्हणून अमावास्येला कुणी ना कुणी दगडावर वाटीभर दूध ओतून येई.

आई मात्र रोज जायची. माझ्या पाठची बहीण बारशाआधीच गेली होती. तान्ह्या बाळाला आपल्यात पुरतात, खूण ठेवत नाहीत, आणि बाळंतिणीला जागा दाखवत नाहीत. माझ्या वडलांनी, अप्पांनी, ती जागा आईला शेवटपर्यंत सांगितली नाही. आईनं मग हाच दगड धरला. ती त्याच्याशी हळू आवाजात मराठीत बोलायची आणि मधेच उत्तर ऐकल्यासारखी थांबायची. त्या थांबण्याची मला फार भीती वाटे.

मी कॉलेजात असताना विलायतेहून एक म्हातारी आली. त्या बाळाची बहीण. दगडावरचं ओलं दूध बघून विचारत विचारत आमच्या दारात पोचली. दुभाषी मी. तिनं आईचे हात धरले आणि म्हणाली, "माझ्या बहिणीला तुम्ही सांभाळलंत. आता हा दगड मी घरी नेते."

माझं डोकं फिरलं. राज्य गेलं तरी यांचं नेणं काही संपत नाही. मी आईला म्हटलं, "नाही म्हणून सांगते."

"थांब गं. कुठं ठेवणार, विचार की."

मी विचारलं. म्हातारीचे डोळे भरून आले. तिच्या आईच्या थडग्याशेजारी ठेवणार होती.

आई बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "आईजवळ होय? मग ने म्हणावं."

दगड गेला त्या संध्याकाळी आई नेहमीसारखी वाटी घेऊन निघाली. तिला एकटीला सोडवेना, मीही गेले. तिथं नुसता खड्डा होता. आईनं त्यात दूध ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

"दगड होता तवर ती त्यांची होती. आता हिचीही खूण नाही," आई म्हणाली. मग खड्ड्यावर वाकून तिनं एका नावानं हाक मारली. बारशाला ठेवायचं ठरलेलं ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.