माझ्या पोरीच्या हसण्याला देव म्हणणारी माणसं

तोंड निळं पडलं हुतं तिचं आन माणसं वरनं भंडारा टाकत हुती. नाकात हळद, ओठावर हळद, दातखीळ बसलेली, हात वाकडं झालेलं, आन म्होरं ढोल चालूच. म्या वरडले, सरा, आवं सरा बाजूला, मरंल ती. कोण सरतंय. एका बाईनं माझाच दंड धरला, म्हणली, "थांब गं बया, आत्ता कुठं देव आलाय, माझं इचारायचं ऱ्हायलंय."

इचारायचं. चार वर्साच्या पोरीला.

म्या हात हिसडला, पोरगी कुशीवर केली, पदरानं नाकातोंडावरची हळद पुसली. कुशीवर करायचं हे सांगलीच्या डाक्टरीणबाईंनी शिकवलेलं. ते कराया बसले तर माझ्या डोस्क्यावरबी भंडारा पडला.

ती अंगावर पीत हुती तवापासनं हसती. झोपंत, जेवताना, तापानं फणफणली तरीबी. कुणी हसवलं न्हाई, काय न्हाई, खी खी खी सुरू, आन डोळं मातर भिताडाकडं. थांबलं की भ्यालेल्या कोकरावानी मला चिकटायची. बोलाया लागली तवा आधीच सांगायची, "आय, आलं बग." काय आलं ते तिला कळत न्हवतं आन मलाबी.

पर मामांना कळलं. मामा म्हंजी माझं सासरं. आमी आटपाडीकडची मेंढरामागची माणसं. मामांचा आजा जत्रंत भाकणूक सांगायचा, अंगात देव आला की येणारं वरीस कसं जाईल ते सांगायचा. त्याच्यामागं घरात कुणाला देव आलाच न्हाई. ती खंत मामांच्या मनात हुती. मग ही हसाया लागली आन मामा म्हणलं, आला, घर सोडून गेला न्हवता.

झालं. माणसं याया लागली. पायावर डोस्कं ठेवायची. हसली तर व्हय, न्हाई हसली तर न्हाई. एक गडी म्हस कवा गाभण ऱ्हाईल ते इचारून गेला. पोरगी भुकंनं रडत हुती आन तो उठंना.

म्या माहेरी उंब्रजला जाते म्हणून निघाले आन भावाला संगं घिऊन सांगलीच्या दवाखान्यात गेले. डाक्टरीणबाईंच्या म्होरंच पोरगी हसली. बाई हसल्या न्हाईत. म्हणल्या, "ताई, ही हसत नाहीये. हिला झटका येतोय." मशिनीत घालून बगितलं. मेंदूच्या बुडाला जन्मापासनं एक गाठ हाय. लय कमी पोरांना असती. ती गाठ चेतली की हसू येतं, पुढं पुढं मोठं झटकं येत्यात, शिकलेलं इसरतं. गोळ्या एक येळबी चुकवू नका, आन आपरेशन लागंल.

घरी येऊन सांगितलं तर माझ्या सासूबाई, आत्या, म्हणल्या, "हसण्याला कुठं गोळ्या असत्यात व्हय? रडण्याला मिळाल्या तर तुझ्यासाठी आण."

तरी देत हुते गोळ्या, गुळात कालवून. जत्रंच्या सकाळी आत्यांनी हातातनं काढून घेतली. देवाच्या झाडाला आज उपास, पाणीबी न्हाई. अंगात देव येतो त्याला झाड म्हणत्यात, म्हंजी माझी पोरगी. गोळी त्यांनी आपल्या पदराला बांधली, माझ्या म्होरं. मग देवळाम्होरं पाटावर बसवली, ढोल लावला, आन पुढं काय झालं ते वर सांगितलंच.

ढोलकऱ्यांच्या टेम्पोतनं सांगलीला आणली. भाऊ उंब्रजवरनं आला. मामाबी आलं मागनं, कपाळाला भंडारा तसाच. पोरगी कशी हाय हे इचारलं न्हाई. डाक्टरीणबाईंना म्हणलं, "बाई, आपरेशन केलं तर हसणं जाईल का?" बाई म्हणल्या, "जावं म्हणूनच करायचंय." मामा माझ्याकडं वळलं. "ऐकलंस? देव कापून काढाया निघालीयास. सही केलीस तर आमच्या दारात यायचं न्हाई."

मालक लांब परमुलखात गलाईच्या दुकानात सोनं गाळत्यात. त्यांना फोन लावला. म्हणलं, "आबा म्हणत्यात तसं कर." आबा म्हंजी त्यांचा बा, मामाच.

"आन पोरगी मेली म्हंजी?"

"तसं वंगाळ बोलू नगंस," म्हणलं आन फोन ठेवला. वंगाळ मी बोलले. त्यांनी केलं ते वंगाळ न्हाई.

बाईंना इचारलं, एकल्या आयची सही चालती का? म्हणल्या, चालती. मी सातवीतनं शाळा सोडली, पर नाव लिवता येतं. सही केली. आपरेशनमधनं पोरगी उठली न्हाई तर सगळी म्हणतील आयनं मारली. उठली तर म्हणतील देव घालवला. ते म्हणायला आत्ताच सुरवात झालीया, जावंचा फोन आलता.

आत्ता ती खाटंवर हाय, आपरेशनची वाट बगतोय. मघाशी परत हसली. शेजारच्या खाटंवरची म्हातारीबी कौतुकानं हसली, "किती ग्वाड हसतंय लेकरू." म्या पोरीला जवळ घेतली. पोरीनं माझा पदर धरला आन म्हणली, "आय, आलतं. गेलं."

पर ती दारात आलेली माणसं डोळ्याम्होरनं जात न्हाईत. म्हशीवाला, दंड धरणारी, आन ज्यांनी लांबनं नुसतं हात जोडलं तीबी. ती काय राक्षस न्हवती, तुमच्याआमच्यातलीच हुती. म्हणून इचारते. त्या दिशी तुमी तिथं उभं असता, हातात भंडारा असता, आन माझी पोरगी निळी पडलेली असती, तर तुमी काय केलं असतं? सरला असता का बाजूला?