अख्खी काढा, म्हणाला भिकाजी

पंच्याण्णव साली शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगीत एका खोलीत शिंकलं की दुसऱ्या खोलीतून ‘शतायुषी’ यायचं. अशाच भिंतीतून मी ते भांडण ऐकलं. शेजारचे भिकाजी आणि गणू, दोघे भाऊ, मालवणकडचे, तिथल्या बाजारात ओट्यावर मासे कापायचे. गणूने सुरमईची नासलेली बाजू काढून उरलेली विकली होती.

“एक बाजू गेली की अख्खा मासा फेकायचा,” भिकाजी म्हणाला.

“चांगल्या बाजूने तुझं काय घोडं मारलंय?”

मग थोबाडीत बसल्याचा आवाज, मग कपाट पडल्याचा. सकाळी गणूचे दोन दात कमी.

भिकाजी मनाने वाईट नव्हता, पण त्याचं मन हाताच्या मागून पोचायचं.

दोन हजार तीन साली त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. बाहेर पसरलेला नव्हता. इंग्रजीसाठी माझा मुलगा दत्तप्रसाद सोबत गेला, आणि डॉक्टर काय म्हणाला ते जेवताना मला सांगितलं. आजार एकाच बाजूला दिसतोय. तेवढीच बाजू जाळायची नवी पद्धत परदेशात आहे. त्यात लघवी आणि पुरुषपण बहुधा शाबूत राहतं, पण तपासणीच्या सुयांना न सापडलेलं मागे राहू शकतं, आणि पंधरा वर्षांनी काय होतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. अख्खी ग्रंथी काढली तर लघवी गळू शकते. किरणं घ्यायची तर दोन महिने रोज हेलपाटे. नाहीतर नुसती नजर ठेवायची, आजार संथ आहे.

भिकाजीला एकच हवं होतं, ओट्यावर दहा तास उभं राहता यावं.

“अख्खी काढा,” म्हणाला.

“दादा, गळायला लागलं तर उभा कसा राहशील?” गणू म्हणाला. “अर्धी चालेल म्हणतोय ना डॉक्टर.”

“नासलं की अख्खं.”

“तू सुरमई आहेस?”

या वेळी पहिला हात गणूचा. भिकाजीचं नाक फुटलं. त्याने गणूचं डोकं दारावर आपटलं. दाराला अजून खोक आहे. मी लाटणं घेऊन शिरले आणि दोघांना सारखंच वाढलं.

“मेल्यांनो, मासा मेलेला असतो म्हणून नासत जातो. हा जिता आहे, डॉक्टर लक्ष ठेवणार आहे.”

भिकाजी रक्त पुसत म्हणाला, “काकी, मागे काय राहिलं असेल, हेच रोज सुरा धरताना डोक्यात येणार. मला नाही जमायचं.”



ऑपरेशन झालं, आजार गेला. लघवी मात्र गळतच राहिली. ॲप्रनखाली जाड लंगोट बांधून तो वर्षभर उभा राहिला. एक दिवस शेजारच्या ओट्यावरचा हमीद म्हणाला, “क्या हबीबी, बच्चे का डायपर?”

भिकाजीने काटा तोडायचा लाकडी हातोडा त्याच्या जबड्यावर घातला. तो पडला तरी दोनदा घातला. मग त्यालाच खांद्यावर टाकून दवाखान्यात पळाला. आठवडाभर कोठडी झाली. हमीदने माफ केलं, मालकाने नाही. व्हिसा खलास.

विमान संध्याकाळचं, वार शुक्रवार. दर शुक्रवारी तो माझा मासा साफ करून आणायचा. त्याही दिवशी गणूच्या ओट्यावर उभा राहून हमूर कापला, डोकं वेगळं बांधलं.

“डोक्याचं सार करा, काकी. आजच करा, ठेवू नका.”

“आत ये, चहा टाकते.”

“लादी खराब होईल,” म्हणाला. पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि जिना उतरला.