आठ वाजताचा रिकामा रकाना

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघं हसत होता, की प्रोग्रामिंगच्या वर्गात अख्खा तास ‘यादी रिकामी आहे का ते कसं तपासायचं’ यातच गेला. म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. मला त्यावर हसता आलं नाही.

इथल्या मराठी मंडळातले आम्ही अकरा म्हातारे एकेकटे राहतो. बँकेत बदली होऊन आलेल्या एका मुलीने आमच्यासाठी छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रत्येकाने सकाळी आठच्या आत फोनवरून ‘ठीक आहे’ एवढा निरोप पाठवायचा. तो त्याच्या नावाच्या रकान्यात जाऊन पडे. आठ वाजता कुणाचा रकाना रिकामा दिसला, की माझा फोन वाजणार. या रकान्यांचं रोजचं नवं पान फोनवर तयार करण्याचं काम मी मागून घेतलं होतं.

पहिले दोन दिवस सगळ्यांचे निरोप आले. तिसऱ्या दिवशीही फोन वाजला नाही. मी निवांत पेपर वाचला, मेथी निवडली. साडेदहाला सहज पान उघडलं, तर चेरीताल भागात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या रकान्यात निरोप नव्हता. तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. ती घेतली आणि सदर बाजारातून ऑटो केली.

“भैया, जल्दी चलो.”

“माताजी, उड़ा के ले चलूँ क्या?”

वाटेत त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, “काकू, प्रोग्राम तर सांगून राहिला, सगळे रकाने भरलेले आहेत.”

“निरोप नाहीये गं तिचा!”

“तुम्ही रकान्यात काही लिहिलं होतं काय?”

“वर ‘श्री’ लिहिलंय. सगळ्यांच्याच. कोरं पान तसंच सुरू करायचं का?”

ती हळू आवाजात म्हणाली, “तो फक्त रिकामं आहे का, तेवढंच पाहतो, काकू. काय लिहिलंय ते नाही वाचत.”

अकराही रकाने मी माझ्या हाताने भरून ठेवले होते. उरलेल्या रस्त्यात मी पर्स घट्ट धरून बसले.

मैत्रीण स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती. एक पाय विचित्र वळलेला, ओठ कोरडे. डोळे मात्र उघडे होते.

“आत्ता येऊन राहिली काय? सहा वाजल्यापासून पडून आहे मी.”

अँब्युलन्समध्ये मी तिला सगळं खरं सांगितलं. दुखत असतानाही ती म्हणाली, “म्हणजे देव हजर होता, म्हणून माणूस आलं नाही!”

त्याच संध्याकाळी त्या मुलीने तपासणी बदलली. आता प्रोग्राम ज्याचा रकाना त्याच्याच फोनवरून आलेले निरोप मोजतो. अकराही रकान्यांत नुसतं ‘श्री’ लिहून मी स्वतः पाहिलं. अकरा वेळा फोन वाजला.

मैत्रीण आता सावरते आहे. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. आज तिचा निरोप साडेसातला आला.